शेजाऱ्यांकडून मिळालेली १९४३ सालची थ्री नॉट थ्रीची काडतुसं एल्कच्या शिकारीला चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. शेजारचे आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलाने त्यांची ली-एनफिल्ड रायफल तुम्हाला दिली. सोबत कापडी पट्टा, त्याच्या पाच खिशांत मिळून पन्नास काडतुसं, बुडावर के. एफ. आणि ४३ असा शिक्का. ऑक्टोबरात पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघालाय आणि काडतुसं दिसायला चकाचक आहेत, तर तीच का वापरू नयेत?

नका वापरू. त्यातली बरीचशी बहुधा उडतील, त्याबद्दल वाद नाही. पण कोलोरॅडोत ती एल्कवर झाडणं कायद्यातच बसत नाही, त्यामुळे वयाचा विषय मी नंतर घेतो.

कोलोरॅडोच्या नियमांप्रमाणे मोठ्या जनावरासाठी रायफलची गोळी फुलणारी, म्हणजे आत गेल्यावर टोकाशी पसरणारी लागते. एल्कसाठी ती किमान ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाची हवी. तुमची गोळी मार्क ७ जातीची, १७४ ग्रेनची. वजनात ती सहज पास होते, पण तिला टोकापर्यंत धातूचं अखंड कवच आहे. लष्करी गोळी अशीच असते, आणि त्यामागे एक गंमतशीर इतिहास आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात याच .३०३ साठी टोक उघडं ठेवलेली, फुलणारी गोळी निघाली. तिने होणाऱ्या जखमांवरून युरोपात ओरड झाली आणि १८९९ मध्ये हेग परिषदेत असल्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली. म्हणजे माणसावर जी चालत नाही तीच जनावरावर सक्तीची! उलटं वाटतं, पण जनावराला झटपट मरण यावं हा त्यामागचा हिशोब आहे. कवचवाली गोळी कधीकधी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि एल्क दोन डोंगर ओलांडून रात्रभर तडफडत पडतो.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की मार्क ७ च्या टोकात शिशाऐवजी हलकं अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यामुळे ती मागून जड होते, आत शिरली की कलंडते आणि भरपूर नासधूस करते. खरं आहे. पण कलंडणं आणि फुलणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि वन्यजीव खात्याचा अधिकारी तुमचं काडतूस हातात घेऊन फक्त टोक बघणार.

आता तुमच्या शिक्क्याबद्दल, कारण तुम्ही पाठवलेला त्याचा फोटो बघून मी खुर्चीतून उठलोच. के. एफ. म्हणजे किरकी, आपली पुण्याची खडकी! तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. दुसऱ्या महायुद्धात तिथे भरलेली काडतुसं कुठल्या कुठल्या वाटांनी फिरत कोलोरॅडोत एका म्हाताऱ्याच्या तळघरात पोचली असतील देव जाणे. मी मूळचा पिंपरीचा, त्यामुळे मला जरा जास्तच भरून आलं. माया असली तरी सल्ला बदलत नाही.

वयाचं म्हणाल, तर काडतूस नुसतं साल उलटल्याने मरत नाही. त्याला मारतात उष्णता आणि ओल. त्यातली दारू नायट्रोसेल्युलोजची असो वा कॉर्डाइटची, ती फार हळू का होईना विघटित होतच असते. वर्षानुवर्षं तापणाऱ्या पोटमाळ्यावर ठेवली तर हे फार लवकर होतं, थंड कोरड्या तळघरात फार सावकाश. आजोबांनी ती नेमकी कुठे ठेवली होती हे त्यांच्या मुलाला विचारा. बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका, आतली दारू बिघडली की ती आम्ल सोडते आणि पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं पितळी नळकांडं, आतून खाल्ली जाते.

एकेक काडतूस उजेडात धरून, नखाने चाचपत बघा. विशेषतः गोळी जिथे पुंगळीत बसते ती मान. तिथे केसासारखी उभी रेघ दिसली तर ती तडा आहे, ते काडतूस बाद. या तड्यांचा शोधही भारतातच लागायला सुरुवात झाली. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांमध्ये साठवत, आणि पावसाळा सरला की पितळी पुंगळ्या तडकलेल्या निघत. कारण १९२१ मध्ये पक्कं झालं: पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दोन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. घडवल्यावर योग्य तेवढी तापवून घेतली की तो ताण जातो. तेव्हा घोडे नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, अमोनियावाली साफसफाईची द्रावणंही त्या तळघरात असू शकतात. मानेशी किंवा प्रायमरच्या (बुडातली छोटी टोपी, जिच्यावर ठोका पडून दारू पेटते) कडेला हिरवं कळकलेलं दिसलं तरीही बाद. आणि घासूनपुसून चमकवायला त्यावर डब्ल्यूडी-४० मारू नका, ते प्रायमरमध्ये झिरपतं.

बघून कळत नाही ती गोष्ट म्हणजे प्रायमर. नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारच्या गृहस्थांकडे असाच जुना लष्करी माल होता, दुसऱ्या कारखान्याचा. चाप ओढला, नुसतं 'टक्'. त्यांनी मान वर केली, बोल्टकडे (काडतूस आत-बाहेर करायचा मागचा खटका) हात नेला, आणि तेवढ्यात 'धाड्'. बोल्ट अजून बंद होता आणि नळी निशाण्याकडेच होती म्हणून निभावलं. बोल्ट उघडला असता तर पुंगळी तोंडासमोर फुटली असती. असं 'टक्' झालं की नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद हलायचं नाही, हा नियम. रेंजवर तो पाळता येतो. समोर एल्क उभा असताना, हात थरथरत असताना, ३० सेकंद गप्प बसणारा नवा शिकारी मी तरी पाहिलेला नाही. दुसरा हात आपोआप बोल्टवर जातो.

त्याहून वाईट फुसका बार. आवाज मऊ येतो, धक्का जाणवत नाही आणि गोळी नळीतच अडकते. घाईत दुसरं काडतूस भरून झाडलं तर नळी फुटते. आवाज जरा जरी वेगळा आला तर रायफल रिकामी करून नळीतून आरपार बघितल्याशिवाय पुढचा बार नाही.

आणि हे सगळं सुखरूप पार पडलं तरी त्या काळच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाल्यावर नळीत त्याचं क्लोराइड उरतं, म्हणजे चक्क मीठ. ते हवेतली ओल ओढतं आणि नळी गंजते. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुने सोजीर नळीत चहाच्या किटलीएवढं उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडं फडकं ओढायचे, मग तेल. तंबूत संध्याकाळी दमून परतल्यावर हे कोण करणार?

तुम्ही काडतुसांचे पैसे वाचवायला निघालात. परवाना, एल्कचा टॅग, पेट्रोल, नारिंगी जाकीट, रजा, एवढं सगळं करून शेवटच्या एका गोळीत काटकसर कशाला? .३०३ ची नवी शिकारी काडतुसं आजही मिळतात. फेडरल, सेलियर अँड बेलो, प्रिवी पार्टिझान यांची मऊ टोकाची १८० ग्रेनची गोळी घ्या. ती जुन्या १७४ ग्रेनच्या जवळपास लागते, कारण तुमच्या रायफलची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मार्क ७ च्या हिशोबानेच आखलेली असते. तरी शंभर यार्डांवर त्याच काडतुसांनी निशाणा जुळवून घ्या, आणि जी जुळवली तीच डोंगरात न्या.

त्याआधी रायफल एकदा बंदूक-मिस्त्रीला दाखवा. तिच्यावर ईशापूर (भारतातला रायफल कारखाना) आणि '२ए' असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा, ती दिसते ली-एनफिल्ड पण घेते ७.६२ ची काडतुसं.

राहिला तो कापडी पट्टा. तपासणीत पास झालेली काडतुसं हौस म्हणून रेंजवर कागदावर झाडा, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि घरी येऊन पाण्याने नळी धुवा. मी असतो तर पट्टा तसाच भरलेला ठेवला असता, युद्धकाळातला अख्खा पट्टा जमवणारे लोक शोधत असतात. बाद झालेली काडतुसं कचऱ्यात टाकू नका, शेरीफच्या कार्यालयात फोन करून विचारा कुठे आणून देऊ.

ता. क. तुम्ही एच-१बी वर असाल तर एक गोष्ट आधी बघा. त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. कोलोरॅडोत खासगी हस्तांतरणालाही साधारणपणे डीलरमार्फत पार्श्वभूमी तपासणी लागते, तीही झाली आहे ना याची खात्री करा. आणि हे वाचून गावाकडच्या माळ्यावरची पणजोबांची काडतुसं आठवलेल्यांसाठी: आपल्याकडे .३०३ खासगी माणसाला निषिद्ध आहे आणि शिकार १९७२ च्या कायद्याने बंद. ती आधी वकिलाशी बोलून मग पोलीस ठाण्यात जमा करा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकत बसू नका.