सात तारखेचे पाकीट

पत्र :

ताई, मी नाशिक जिल्ह्यातील एका विनाअनुदानित शाळेत आठ वर्षांपासून शिकवते. बी.एस्सी., बी.एड. आहे, सहावी ते आठवीचे गणित आणि विज्ञान माझ्याकडे असते. बँकेत 28,000 रुपये पगार जमा होतो, पण दर महिन्याच्या सात तारखेला त्यातले 13,000 रुपये रोख काढून पाकिटातून कार्यालयात द्यावे लागतात. शिवाय यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळाविषयक नोंदणीची, माहिती भरणे, बसवर मुलांसोबत जाणे, गॅदरिंग बसवणे आणि मे महिन्यात पट वाढावा म्हणून घरोघरी पत्रके वाटणे, हे सारे माझ्याच वाट्याला येते, कारण मला ‘नाही’ म्हणता येत नाही. पगारवाढीचा विषय काढला तेव्हा ‘बाहेर बी.एड. झालेल्यांची रांग लागली आहे’ असे ऐकून घ्यावे लागले. नोकरी सोडू, तक्रार करू, की संध्याकाळी घरी शिकवण्या घेऊ? माझ्या वर्गातल्या मुलांना सोडून जाण्याचा विचारही सहन होत नाही.
– एक शिक्षिका

उत्तर :

नमस्कार. कमी पगार आणि जादा कामे यांचे गाऱ्हाणे तुम्ही एका दमात मांडले आहे. मला मात्र त्यात दोन निरनिराळी दुखणी दिसतात आणि त्यांची औषधेही निरनिराळी आहेत. जादा कामांबद्दल बोलणी करता येतात, थोडे सोडता येते, थोडे मिळवता येते. पाकिटाबद्दल बोलणी होऊ शकत नाहीत. तुमच्या खात्यावर जमा झालेले वेतन परत मागून घेणे याला कमी पगार म्हणत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच्या मनातसुद्धा त्याला ते सौम्य नाव देणे आता थांबवावे. मीही उमेदीची तीन वर्षे एका संस्थेच्या शाळेत काढली आहेत. तेव्हा पगार रोखीने होत असे आणि पगारपत्रकावर एका आकड्यापुढे सही करून दुसराच आकडा हातात पडे. आता पगार बँकेतून होऊ लागला, म्हणून उलट्या वाटेने जाणारे पाकीट आले, एवढाच फरक.

या पाकिटाने तुमचे नुकसान 13,000 रुपयांपुरते होत नाही. कागदोपत्री तुमचे वार्षिक उत्पन्न 3,36,000 रुपये आहे, प्रत्यक्षात ते 1,80,000 रुपये आहे. उद्या घरातल्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलात, तर तहसील कार्यालय पहिला आकडा धरणार. आणि पुढे कधी वेतनाची थकबाकी मागितलीत, तर संस्था तुमच्याच बँकेचा उतारा पुढे करून ‘पूर्ण पगार दिला आहे’ असे म्हणणार.

पण त्याच उताऱ्यात तुमच्या बाजूचाही पुरावा आहे. तुमचे पासबुक उघडून मागची सगळी वर्षे डोळ्यांखालून घाला. पगार जमा झाल्यानंतर एकदोन दिवसांत, नेमके 13,000 रुपये, महिन्यामागून महिना काढलेले दिसतील. एखाद्या महिन्याची नोंद काहीच सांगत नाही. मात्र चाळीस-पन्नास महिने एकाच सुमारास एकच रक्कम निघालेली दिसली, की वाचणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. बँकेतून संपूर्ण कालावधीचे शिक्का मारलेले उतारे मागून घ्या आणि ते शाळेच्या कपाटात न ठेवता घरी ठेवा. कार्यालयातून ‘उद्या सात तारीख आहे’ असा एखादा निरोप मोबाइलवर आला असेल, तर तो पुसू नका. तुमच्या सहकाऱ्यांच्या पासबुकातही हाच नमुना असणार, आणि पुढचे पाऊल टाकताना त्याचे मोल मोठे आहे.

आता कायद्याचे. शिक्षकांच्या बोलण्यात ज्याला ‘एमईपीएस’ म्हणतात, तो महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम 1977 सालचा आहे आणि त्याची नियमावली 1981 ची आहे. अनुदान नाही म्हणून हा कायदा आमच्या शाळेला लागूच नाही, ही समजूत शिक्षकखोल्यांमध्ये इतकी घट्ट बसलेली आहे, की संस्थाचालकांना ती पसरवण्याचेही कष्ट पडत नाहीत. तो मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी आहे आणि विनाअनुदानित शाळा त्यातून सुटत नाहीत. नियमांपेक्षा कमी वेतन दिले जात असेल, तर ते नियमांच्या पातळीवर आणण्याचा लेखी आदेश व्यवस्थापनाला देण्याचा अधिकार त्याच्या कलम 4 मध्ये शिक्षण संचालकांना दिलेला आहे. म्हणून वेतनाची तक्रार शिक्षण खात्याकडे, म्हणजे व्यवहारात आधी जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांकडे करायची असते. शाळा न्यायाधिकरण हे वेगळे दार आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणे अशा प्रसंगी तेथे अपील करता येते आणि त्याला 30 दिवसांची मुदत असते. ‘तक्रार केलीस तर काढून टाकू’ ही धमकी खरी झालीच, तर ती मुदत लक्षात असू द्या.

मग तक्रार करावी का? करावी, पण एकटीने आणि रागाच्या भरात करू नये. एकट्या शिक्षिकेची तक्रार खात्यात पोहोचण्याआधीच तिचे वेळापत्रक बदलते, वर्ग बदलतो, आणि चारचौघांत तिच्या वह्या तपासायला काढल्या जातात. हे मी पाहिलेले आहे. तुमच्यासारखीच पाकिटे देणाऱ्या तिघाचौघांनी आपापले उतारे घेऊन कामगार आणि शिक्षणविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला आधी भेटावे आणि तक्रारीचा मसुदा त्यांच्याकडून तपासून घ्यावा. कुणीच पुढे आले नाही, तर तक्रार थांबवून ठेवण्यात मला कमीपणा वाटत नाही. पुरावा जमवणे मात्र थांबवू नका.

जादा कामांकडे वळते. तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही, असे तुम्ही लिहिता. माझ्या मते ‘नाही’ म्हणण्याची घाईच नको. आधी तुम्ही जे करता ते कागदावर आणा. आजवर प्रत्येक काम तोंडी सांगितले गेले आणि तोंडीच स्वीकारले गेले, त्यामुळे संस्थेच्या लेखी ते झालेलेच नाही. एक महिनाभर साध्या डायरीत रोज दोन ओळी लिहा : कोणते काम, कोणी सांगितले, किती वेळ गेला. मग त्यातले सर्वांत जाचक असे एकच काम निवडा. मला वाटते ते बसचे असावे, कारण ते रोजचे आहे. त्याविषयी मुख्याध्यापकांना अर्ज द्या : ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार मी शाळेच्या बसवर विद्यार्थ्यांसोबत जात आहे. त्यासाठी शालेय वेळेव्यतिरिक्त रोज सव्वा तास लागतो. ही जबाबदारी सर्व शिक्षकांना आठवड्याच्या पाळीने देण्यात यावी, अथवा माझ्या साप्ताहिक तासिकांपैकी चार तासिका कमी कराव्यात, ही विनंती.’ एवढेच लिहा. त्यात आठ वर्षांच्या कष्टांचा पाढा नको आणि भावनाही नकोत. अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. लिपिकाने शिक्का द्यायला टाळाटाळ केली, तर तोच अर्ज टपालाने पाठवून पावती जपून ठेवा.

मे महिन्यातल्या पत्रकांची गोष्ट याहून सोपी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. संस्थेसाठी गिऱ्हाईक शोधत उन्हात दारोदार फिरणे या तिन्हींपैकी कशात बसते, हा प्रश्न पुढच्या बैठकीत अगदी शांतपणे विचारून पाहा. यू-डायसच्या कामाला मात्र माझा फारसा विरोध नाही. ते कंटाळवाणे असले तरी शाळेचे आहे, आणि दुसऱ्या शाळेत मुलाखतीला गेलात तर ते येणारी शिक्षिका सगळ्यांना हवी असते.

घरच्या शिकवण्यांचा विचार सोडून द्या. शिक्षण हक्क कायद्याचेच कलम 28 शिक्षकांना खाजगी शिकवण्या घ्यायला मनाई करते. गावभर शिक्षक शिकवण्या घेताना दिसतात हे खरे. पण तुमचे आणि संस्थेचे वाजणार असेल, तेव्हा तुमच्या विरुद्ध वापरता येईल अशी गोष्ट स्वतःच्या हाताने तयार करून देऊ नये.

नोकरी सोडण्यापूर्वी तुमचे काय येणे आहे, तेही मोजून घ्या. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देण्याच्या कायद्यात 2009 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ती शिक्षकांनाही लागू झाली, तीही 3 एप्रिल 1997 पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षे सलग सेवा झालेली असली, की ती मागता येते. शेवटच्या वेतनाला 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणायचे. तुमचे 28,000 हे सारे मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरले, तर आठ वर्षांचे सुमारे 1,29,000 रुपये होतात. म्हणजे या एका ठिकाणी कागदावरचा मोठा आकडा तुमच्या कामी येतो. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उमंग अ‍ॅपवर पाहता येते. तुमचा आणि संस्थेचा असे दोन्ही वाटे दरमहा जमा होतात का, तेवढे तपासा.

राजीनाम्याबद्दल एक गोष्ट फार जपून सांगते. कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करायला कुणी सांगितले, मग ती ‘फक्त औपचारिकता’ का असेना, तरी करू नका. अशा सह्या आधीच घेऊन ठेवण्याची रीत जुनी आहे. 1977 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही आणि तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची असते. तुमची अशी एखादी सही आधीच कार्यालयात पडून असेल, तर वकिलाला भेटाल तेव्हा सर्वांत आधी तेच सांगा.

राहिला मुलांचा प्रश्न. बाहेर रांग लागली आहे असे तुम्हाला सुनावणाऱ्यांनाही ठाऊक आहे, की आठवीच्या वर्गाला बीजगणित समजावून सांगणारी शिक्षिका त्या रांगेत सहज सापडत नाही. तसे नसते, तर त्यांनी तुम्हाला आठ वर्षे ठेवले नसते. तुमचा मुलांवरचा जीव खरा आहे. महिन्याच्या 13,000 रुपयांचा हिशेब मात्र मुले मागत नाहीत, संस्था मागते. दुसरीकडचे अर्ज दिवाळीनंतर पाठवायला लागा, कारण पुढच्या वर्षाच्या जागा शाळा साधारण तेव्हापासूनच चाचपू लागतात. नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. तुम्ही कशात मोडता, ते नेमणूकपत्र काढून पाहा. तीन महिन्यांची असेल, तर जानेवारीच्या अखेरीस दिलेली नोटीस एप्रिलच्या अखेरीस संपते. तोपर्यंत वार्षिक परीक्षा आटोपलेली असेल आणि आठवीच्या उत्तरपत्रिका तुमच्याच हातून तपासून झालेल्या असतील.