वॅगनआरच्या जमेच्या बाजू आणि उणिवा कोणत्या? घरात वयस्कर आई-वडील असतील तर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडीला, घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, वडील वॉकर घेऊन चालतात, आणि गाव वाईजवळ असल्यामुळे महिन्यातून एखादी फेरी तिकडे होते. वॅगनआर घ्यावी का आणि घेतली तर पेट्रोल की सीएनजी, हा तुमचा प्रश्न. आमच्याकडे हीच गाडी १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची आहे आणि सासरेबुवांकडे सीएनजीवाली. दोन्ही मी चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मापं बघा, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० आणि उंची १,६७५. म्हणजे गाडी रुंदीपेक्षा उंच आहे. स्विफ्टच्या शेजारी उभी केली तर ती सहा इंच उंच आणि साडेचार इंच अरुंद भरते. वर वजनाला हलकी. ही गाडी भारतात १९९९ च्या डिसेंबरमध्ये आली, २०१९ मध्ये पूर्ण नवी झाली, पण उंच आणि अरुंद ही तिची ठेवण कंपनीने कधी सोडली नाही. तिचे गुण ह्या ठेवणीतून आलेत आणि दोषही. एक घेतलं की दुसरं पदरात पडणारच.

तुमच्या आई-वडिलांच्या दृष्टीने बघा. गुडघे दुखणारा माणूस गाडीत कसा बसतो ते एकदा नीट पाहा. आधी गाडीकडे पाठ करतो, एक हात दारावर ठेवतो, मग हळूच मागे टेकतो आणि शेवटी एकेक पाय आत घेतो. बुटक्या गाडीत ह्या टेकण्याच्या जागी खाली उतरावं लागतं आणि त्याच वेळी डोकंही वाकवावं लागतं. सगळा भार गुडघ्यांवर येतो. बाहेर येताना तर कुणीतरी हात धरून ओढावंच लागतं. वॅगनआरची सीट साधारण खुर्चीच्या उंचीला येते आणि छत इतकं वर आहे की मान वाकवावी लागत नाही. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती ह्या गाडीत कुणाच्या आधाराशिवाय चढते-उतरते. तिच्यासाठी ह्याचं मोल ॲव्हरेजपेक्षा कितीतरी जास्त आहे. दवाखान्यात एकटीने रिक्षा करून जायचं की मुलाची वाट बघत बसायचं, असे प्रश्न ज्या घरात रोज पडतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डिकी ३४१ लिटरची आहे, टाटाच्या टियागोची २४२. गाडी उंच असल्याने डिकीही खोल आहे. घडी केलेला वॉकर, दोन बॅगा आणि गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं एकाच वेळी बसतं. शहरात चालवायला गाडी फार सोपी आहे. ४.७ मीटरची टर्निंग रेडियस असल्याने पेठांतल्या गल्लीत एका दमात वळते, समोरचं आणि बाजूचं चांगलं दिसतं, सोसायटीच्या दोन खांबांमधल्या पार्किंगमध्येही दार नीट उघडता येतं. १.२ पेट्रोल मॅन्युअलचं एआरएआयचं (गाड्या तपासणारी सरकारमान्य संस्था) ॲव्हरेज लिटरला २३.५६ किलोमीटर आहे. हिंजवडीच्या गर्दीत तेवढं मिळणार नाही, पंधरा-सोळा धरून चाला. हायवेला वीसच्या आसपास जाते. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

आता दोष. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं दाटीवाटीने बसतात. ते चालून जाईल. हायवेचं मात्र तसं नाही. ताशी ८०-९० पर्यंत गाडी ठीक जाते, त्यापुढे तिची उंची जाणवायला लागते. सातारा रस्त्याला मोकळ्या माळावर बाजूने वारा लागला किंवा शेजारून कंटेनर निघून गेला की गाडीला हिसका बसतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. वळणावर गाडी कलते आणि मागे बसलेल्यांना ते पुढच्यांपेक्षा जास्त जाणवतं. सगळ्यात खालच्या व्हेरिएंटला १३ इंची टायर येतात. ते घेऊ नका, १४ इंचीवालं व्हेरिएंट घ्या.

सुरक्षिततेबद्दल आडपडदा न ठेवता सांगतो, कारण शोरूममध्ये हा विषय कुणी काढणार नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासते; तिच्या २०१९ च्या चाचणीत ह्या गाडीला पाचपैकी दोन तारे होते. २०२३ मध्ये नियम कडक झाल्यावर मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. २०२५ पासून सगळ्या व्हेरिएंटना सहा एअरबॅग मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण २०२३ च्या चाचणीत गाडीचा सांगाडाच अस्थिर ठरला होता, आणि एअरबॅग वाढवल्याने पत्रा मजबूत होत नाही. त्याच संस्थेच्या २०२० च्या चाचणीत टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे होते. तेव्हाचे नियम थोडे सौम्य होते, तरी फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर काटा जाणं अवघड आहे, तिथे मला ह्याची तितकी चिंता वाटत नाही. पण एक्स्प्रेस वेने दर आठवड्याला मुंबई करणारा कुणी विचारत असता, तर मी त्याला ही गाडी घेऊ नको असंच सांगितलं असतं.

सीएनजीचं म्हणाल तर तुमच्या घरासाठी माझं मत नको असं आहे. कागदावर किलोला ३४.०५ किलोमीटर दिसतात आणि रोजचा खर्च खरोखरच कमी होतो. पण हे किट फक्त १.० लिटरच्या इंजिनाला मिळतं, तेही मॅन्युअल गिअरमध्ये. पेट्रोलवर ६७ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) देणारं हे इंजिन गॅसवर ५७ पर्यंत उतरतं. सपाट रस्त्यावर कळतही नाही. वाईला जाताना खंबाटकीचा चढ लागतो, तेव्हा कळतं. पाच माणसं, एसी चालू, पुढे उसाचा ट्रॅक्टर असेल तर गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि ओव्हरटेक करायचा म्हटलं की आधी एसी बंद करावा लागतो. पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचं असेल तर हाच प्रकार जास्त वेळ चालतो. १.२ चं ९० पीएसचं इंजिन हे दोन्ही घाट कुरकुर न करता चढतं.

शिवाय ६० लिटरची टाकी डिकी खाऊन टाकते. मग वडिलांचा वॉकर कुठे ठेवणार? मागच्या सीटवर एका माणसाची जागा अडवून. आणि गॅस भरताना पंपावर गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं, हा सुरक्षिततेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण वॉकरवर चालणाऱ्या माणसाला दर भरण्याला, भर उन्हात, रांगेत खाली उतरवायचं म्हणजे ज्या सुखासाठी ही गाडी घेतली त्यावरच पाणी पडतं. टाकीत आठ-साडेआठ किलो गॅस मावतो, म्हणजे शहरात दोनशे किलोमीटरच्या आसपास. तुमच्या धावपळीत आठवड्यातून एकदा तरी पंप गाठावा लागेल. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकी दाब सहन करते का ही तपासणी, असते ती वेगळीच. सासऱ्यांना सीएनजी परवडते कारण त्यांचं फिरणं खूप आहे आणि बहुतेक वेळा गाडीत ते एकटेच असतात.

टियागोच्या सीएनजीत २०२३ पासून डिकीच्या तळाशी दोन लहान टाक्या येतात, त्यामुळे सामानाला बऱ्यापैकी जागा उरते. हायवेवरही ती जास्त घट्ट वाटते. पण तिची उंची १,५३५ मिलिमीटर आहे, आई-वडिलांना खाली वाकून बसावं लागेल.

तुमच्या जागी मी असतो तर १.२ पेट्रोल घेतली असती. रोज हिंजवडीच्या कोंडीत क्लच दाबून पाय दुखत असेल तर हेच इंजिन एजीएसमध्ये, म्हणजे क्लचशिवायच्या ऑटोमॅटिक गिअरमध्ये, घ्या. गिअर बदलताना किंचित झटका लागतो, चार दिवसांत सवय होते, आणि चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून हिल होल्ड मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून हिशेब करू नका, नवीन ऑन रोड कोटेशन लेखी घ्या.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. वडिलांना वॉकरसकट न्या. त्यांना पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सीटवर स्वतःहून बसू द्या, उतरू द्या. वॉकर डिकीत टाकून पाहा. मग चौघांना बसवून, एसी लावून, चांदणी चौकाचा चढ चढा. त्याच दिवशी टियागोलाही असंच करून पाहा. शोरूमचा माणूस घाई करेल, तुम्ही करू नका.