वर्गणी सभासदांची, माहितीपट कोणाचा?

प्रश्न : आम्ही चार-पाच जण मिळून आमच्या भागातील लोकांच्या जगण्यावर छोटे माहितीपट बनवतो. दरमहा वर्गणी देणाऱ्या सभासदांच्या बळावरच हे काम चालते. सध्या पाणीवाटपावरील माहितीपटाचे संकलन सुरू आहे. त्यात दोन वस्त्यांमधील जुना वाद येतो. तो वगळा, नाही तर वर्गणी बंद करू, असे काही सभासदांनी कळवले आहे. त्यांचे कितपत ऐकावे?

उत्तर : वर्गणी देणाऱ्याला पैशाचा हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे, कोणते दृश्य ठेवावे आणि कोणते कापावे हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या वर्गणीतून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली आला, तो गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिल्यामुळे. आपल्याच पैशातून झालेला हा चित्रपट पाहायला ते ट्रक भरभरून गेले, आणि पडद्यावर त्यांना दिसले ते दूधसंस्थेचे कौतुक एवढेच नव्हे, तर गावातील जातिभेद, हेवेदावे आणि संस्था मोडू पाहणारे हितसंबंधही. हे सगळे गाळून केलेला चित्रपट फार तर संस्थेची जाहिरात ठरला असता.

खरा अधिकार आहे तो कॅमेऱ्यासमोर बोललेल्या माणसांचा, आणि तुमच्या पत्रात त्यांचाच उल्लेख नाही, हे मला थोडे खटकले. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ साली फोगो बेटावरील मच्छीमारांचे लघुपट केले. तेथील वस्ती उठवून लोकांना दुसरीकडे हलवण्याची चर्चा त्या वेळी सुरू होती. दिग्दर्शक कॉलिन लो यांनी चित्रित झालेला भाग आधी त्या लोकांनाच दाखवला, कोणाला आपले बोलणे नको असेल तर ते काढण्याची मुभा दिली, आणि मगच तो इतरांपुढे ठेवला. बेटावरच्या विखुरलेल्या वस्त्यांनी एकमेकींची गाऱ्हाणी अशा खेळांमधून ऐकली. पुढे तेथील मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, त्यात या लघुपटांचाही वाटा मानला जातो. तुम्हीही दोन्ही वस्त्यांतील बोललेल्या लोकांना कच्चे संकलन दाखवा. त्यांच्यापैकी कोणी स्वतःचे बोलणे काढा म्हणाले, तर कारण न विचारता काढा.

सभासदांबाबत चूक थोडी तुमचीही दिसते. विषयाची निवड, संकलन आणि अंतिम रूप यांवर शब्द कोणाचा चालेल, हे सभासद करून घेतानाच लेखी सांगायला हवे होते; आता सांगितले तर ते सबबीसारखे वाटेल, तरीही सांगा. वर्षातून एकदा जमाखर्च मांडा, सभासदांना पहिल्या खेळाला बोलवा, नंतरच्या चर्चेत त्यांना मनसोक्त टीका करू द्या. एकूण रकमेचा मोठा भाग दोन-तीन जणांकडूनच येत असेल, तर धोका तिथे आहे. पाच जणांनी वर्गणी थांबवल्यामुळे काम बंद पडणार असेल, तर मोठ्या आकड्यांपेक्षा लहान वर्गणीचे पुष्कळ सभासद मिळवणे, कितीही कंटाळवाणे असले, तरी अधिक सुरक्षित.

आणखी एक. धमकी बाजूला ठेवून आक्षेप पुन्हा वाचा. वादाविषयी दोन्ही वस्त्यांतील माणसे सारख्याच मोकळेपणाने बोलली आहेत का, की एका बाजूची मुलाखत आणि दुसऱ्या बाजूचे नुसते दृश्य आहे? सभासदांच्या तक्रारीत काही तथ्य असेल, तर ते तिथे सापडेल. आणि मग दृश्य कापण्याऐवजी आणखी एक दिवस चित्रीकरण करावे लागेल.