टूरिस्ट विसावर बसून रिमोट जॉब चाललाय? आधी कंपनीला सांगा

तुम्ही लिहिलंय की बायको स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला मास्टर्स करतेय म्हणून तुम्ही टूरिस्ट विसावर तिकडे गेलात, ६५ दिवस झाले, रोज लॅपटॉपवरून आपल्या देशातल्या कंपनीचं काम चालू आहे, कंपनीला मात्र वाटतंय तुम्ही घरीच आहात. आणि विचारताय की आठवडाभर क्रोएशियाला जाऊन आलो तर नव्याने ९० दिवस मिळतील का.

नाही मिळणार. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे, म्हणजे एकाच विसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तिथले दिवस तुमच्या त्याच ९० मधून वजा होणार. शेंगेनच्या बाहेर अल्बानियाला गेलात तरी हिशोब नव्याने सुरू होत नाही, कारण कुठलाही दिवस धरा, त्याच्या मागच्या १८० दिवसांत ९० च्या वर जाता येत नाही. आणि हे वाचताय तोवर पासपोर्ट काढून विसाचं स्टिकर बघा. त्यावर तारखा वेगळ्या आणि राहायचे दिवस वेगळे छापलेले असतात, दिवसांच्या जागी ७० लिहिलं असेल तर तुमच्याकडे पाचच दिवस उरलेत, मग तारीख कितीही पुढची असू दे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायला सुरुवात झालीये, त्यामुळे जास्तीचे दिवस कुणाच्या लक्षात येणार नाहीत या भरवशावर राहू नका.

पगार बाहेरून येतो मग टूरिस्ट विसावर काम केलं तर काय बिघडलं, असं बरेच जण सांगतात. पण स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्यात या कामासाठी वेगळा परवानाच काढलाय, त्यामुळे मला त्या युक्तिवादात दम वाटत नाही. तुमच्यासाठी चांगली बाब म्हणजे स्पेनमध्ये कायदेशीर मुक्कामात असताना तिथूनच हा परवाना मागता येतो, तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, आणि मुदतीत अर्ज टाकला तर निकाल लागेपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर धरला जातो. मुदत संपल्यावर टाकलात तर ही सगळी सोय गेली.

आता खरी अडचण, जी तुम्ही एका ओळीत उरकलीत. या अर्जाला कंपनीचं पत्र लागतं, की हा माणूस स्पेनमधून काम करतोय आणि आमची त्याला परवानगी आहे. कंपनी निदान एक वर्ष चालू असावी आणि तुमचं तिच्याशी नातं निदान तीन महिन्यांचं असावं. म्हणजे व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवून, गप्प बसणं आणि परवाना मिळवणं या दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत. तुम्हाला नोकरी जायची भीती वाटतेय ती मी समजू शकते, पण एचआरला आयटी लॉगमधून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं केव्हाही बरं.

एचआर अडेल ते सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे पेन्शन, आजारपण वगैरेसाठी पगारातून सरकारकडे भरायच्या हप्त्यावर. दोन देशांत करार असेल तर हप्ता तुमच्या देशातच भरला जातोय असं कव्हरेजचं सर्टिफिकेट तिथून आणून भागतं, नसेल तर कंपनीला स्पेनमध्ये नोंदणी करून तिथला हप्ता भरावा लागतो, आणि बऱ्याच कंपन्या इथेच नाही म्हणतात. मग कोणीतरी सुचवेल की राजीनामा द्या आणि फ्रीलान्सर म्हणून त्याच कंपनीचं काम करा. थांबा, ते नातंही तीन महिने जुनं लागतं, रातोरात कागद बदलून तुमच्या उरलेल्या दिवसांत ते बसणार नाही.

टॅक्सचं थोडक्यात: कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की स्पेनमध्ये टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्ससाठी तिथलेच रहिवासी. तिथे २४ टक्के सरसकट दराची एक स्कीम आहे, लोक तिला बेकहॅम लॉ म्हणतात, पण तिचा अर्ज स्पेनमधलं काम रीतसर सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, नंतर कितीही विनवण्या करा.

तर उद्या सकाळी मॅनेजरला फोन करा, मेल नको, आणि फोन झाल्यावर मेलवर लेखी घ्या. त्याच दिवशी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या मागे लागा, कारण त्याला अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का) आणि मग अधिकृत स्पॅनिश भाषांतर लागतं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कंपनी नाही म्हणाली किंवा कागद वेळेत जमले नाहीत, तर स्टिकरवरचे दिवस संपायच्या आत शेंगेनमधून बाहेर पडा आणि पुढचा अर्ज तुमच्या देशातल्या स्पॅनिश कॉन्सुलेटमधून करा. ओव्हरस्टेची, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची, नोंद लागली तर प्रवेशबंदी येऊ शकते, आणि मग बायकोला भेटायला जाणंही अवघड होऊन बसेल.