चाळ पाडण्याच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : गिरगावात आमची १९४० पूर्वीची, लाकडी गॅलऱ्यांची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) चाळ आहे. मालकाने बिल्डर आणला आहे. निम्मे भाडेकरू टॉवरसाठी उतावीळ आहेत, आम्ही काही जण दुरुस्तीच्या बाजूचे. भाडेपावती अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. सही दिली नाही तर खोली जाईल का?

उत्तर : नुसती सही न दिल्याने हक्क जात नाही. पण विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या विनियम ३३(७) खाली ५१ टक्के रहिवाशांची लेखी संमती पुरते आणि ती मागे घेता येत नाही. तेवढ्या सह्या होऊन म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत पत्र आलं, की अडून बसलेल्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली बाहेर काढता येतं. विरोध करायचा तर आत्ताच करा.

चाळ देखणी आहे, हा मुद्दा एकट्याने टिकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी ती वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत आहे का ते पाहा. श्रेणी १ किंवा २ असेल तर पाडायला परवानगी मिळणं फार अवघड. श्रेणी ३ चं किंवा नुसत्या वारसा परिसराचं संरक्षण बरंच सौम्य. यादीत नसेल तर तुमचा आधार एकच, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरने केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी. 'सी-१' शेरा म्हणजे रिकामी करून पाडा. 'सी-२' आणि 'सी-३' मध्ये दुरुस्तीला वाव असतो. मालकाचा अहवाल 'सी-१' म्हणत असेल तर भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरा करून घ्यावा; दोन अहवालांत विसंगती असली की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. अहवाल बारकाईने वाचा. रिबाउंड हॅमरची चाचणी काँक्रीटसाठी असते, सागवानी तुळयांबद्दल ती काहीच सांगत नाही. तुळई कुजते ती भिंतीत शिरते त्या टोकाशी, विशेषतः मोरी-संडासालगत. ती टोकं उघडून पाहिलीत का, हे इंजिनिअरला लेखी विचारा.

खरा धोका वडिलांच्या नावाच्या पावतीत आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ७(१५)(ड) नुसार मृत्यूसमयी सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. एकापेक्षा जास्त असतील तर आपसात ठरवावं लागतं, नाहीतर न्यायालय ठरवतं. मृत्यूचा दाखला, त्या काळातलं रेशनकार्ड, वीजबिलं, मतदारयादी आणि भावंडांचं नोटरी केलेलं ना-हरकत पत्र जोडून मालकाला आणि दुरुस्ती मंडळालाही अर्ज द्या. मंडळाच्या भाडेकरूंच्या प्रमाणित यादीत तुमचं नाव आणि चटई क्षेत्र बरोबर आलं पाहिजे. सामाईक गॅलरी त्यात सहसा धरत नाहीत.

महापालिकेने धोकादायक ठरवून चाळ पाडली तरी भाडेकरार संपत नाही. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. मात्र पाडण्यापूर्वी खोलीचं मोजमाप कागदावर नसेल तर नंतर भांडण त्यावरच होतं.

शेवटी पुनर्विकासच ठरला, तर खोली १८० चौरस फुटांची असली तरी किमान ३०० चौरस फूट (२७.८८ चौरस मीटर) चटई क्षेत्र मिळतं. पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत हवा आणि त्याला मजला व खोली दाखवणारा नकाशा जोडलेला हवा. बांधकाम चालू असताना बाहेर राहण्यासाठी बिल्डर जे भाडं देतो, त्याच्या कलमात '३६ महिने' लिहितात. काम रखडलं की सदतिसाव्या महिन्यापासून भाडं बंद. तिथे 'भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळेपर्यंत' असं लिहून घ्या आणि हमी म्हणून बँक गॅरंटी मागा. त्या कराराचा मसुदा हाती येईपर्यंत संमतिपत्रावर सही नको.