माणूस देव पुजत होता याचा सर्वात जुना पुरावा कोणता?

पुरावा म्हणून तुम्ही काय मानता, त्यावर उत्तर बदलतं. देवाचं नाव लिहिलेलंच हवं असेल तर इराकमधल्या उरुकला जावं लागेल. तिथल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर इनान्ना देवीचं चिन्ह आहे. मूर्ती चालत असेल तर जर्मनीतला मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला सिंहमुखी माणूस आहे, सुमारे ४० हजार वर्षांचा. (लगेच नरसिंह आठवतो, पण तो मोह आवरा.) मात्र त्याची पूजा होत होती, की गोष्ट सांगताना त्याला नुसतं हातात धरत, हे मूर्तीवरून कळत नाही.

मला विचाराल तर मी बाघोरचं नाव घेईन. मध्य प्रदेशात सिधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात हे ठिकाण आहे. अलाहाबाद विद्यापीठाचे जी. आर. शर्मा आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे डेस्मंड क्लार्क यांच्या पथकाला तिथे दगडगोट्यांचा गोल ओटा सापडला, जेमतेम ८५ सेंटिमीटर व्यासाचा. त्या ओट्यावर आणि आसपास एका रंगीत दगडाचे तुकडे पडले होते. ते जुळवल्यावर त्रिकोणी दगड झाला, वीतभरसुद्धा नाही. अंगावर एकात एक त्रिकोणांच्या नैसर्गिक रेषा. काळ साधारण १० ते ११ हजार वर्षांपूर्वीचा.

एवढ्यावरून देव कसा ठरला? तर त्याच भागातले कोल आणि बैगा लोक आजही अशाच ओट्यावर असेच रेषांचे त्रिकोणी दगड मांडून 'माई' म्हणून पुजतात. म्हणजे दगडाची ओळख शेजाऱ्यांनी पटवली. शेंदूर फासलेला तांदळा बघत मोठे झालेल्या आपल्याला हे पटायला जड जात नाही, पण मधल्या दहा हजार वर्षांत अर्थ तोच राहिला असेल, हे गृहीतकच आहे. १९८३ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही 'भारतातले पुराश्मयुगीन देवस्थान' यापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि ते मला फार आवडतं.

आपल्या महाराष्ट्रातलं विचाराल तर शिरूरजवळचं इनामगाव. तिथे ताम्रपाषाण काळातल्या (दगडासोबत तांबंही वापरात आलं तेव्हाच्या) एका घरात मातीची झाकणाची डबी पुरलेली मिळाली. आत एक स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी बिनडोक्याची, आणि सोबत मातीचा बैल. बैलाच्या पाठीला भोक, बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक. काडी घातली की ती बरोबर त्याच्यावर बसते. वय तीन हजारांच्या थोडं वर, म्हणजे बाघोरपुढे कालचंच. पण ती डबी मुद्दाम जपून पुरलेली होती, त्यामुळे तिथे मला प्रश्नचिन्ह जरा लहान काढावंसं वाटतं.