२२/७ परिमेय आहे, मग पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अपरिमेय कसा?

परिमेय म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येणारी संख्या, अपरिमेय म्हणजे तशी लिहिता न येणारी. पाय अपरिमेय आहे, कारण पाय म्हणजे २२/७ नव्हेच! आकडेमोड सोपी व्हावी म्हणून घेतलेली ती जवळची किंमत आहे, पण वापरून वापरून तीच खरी वाटायला लागते.

एकदा हाताने भागाकार करून बघा. २२ ला ७ ने भागलं की ३.१४२८५७१४२८५७... येतं. १४२८५७ हा गट फिरून फिरून येतो, कारण ७ ने भागताना बाकी १ ते ६ मधलीच उरते. सहा पायऱ्यांनंतर जुनी बाकी परत आली की तेच चक्र सुरू. मला हे फार सुंदर वाटतं.

पाय मात्र ३.१४१५९२६५... तिसऱ्याच दशांश स्थळी वाटा वेगळ्या होतात आणि असं आवर्तन त्यात कधीच सुरू होत नाही, म्हणून तो अपरिमेय. गणितज्ञ लॅम्बर्ट यांनी १७६० च्या दशकात ते सिद्ध केलं.